कोझाकची क्लिप आणि तिच्या मागची शर्यत

लुत्सा कोझाक ही हंगेरीची अडथळा शर्यतीतली धावपटू. नेटवर तिच्या क्लिप भरपूर फिरतात, पण त्यातल्या कितीतरी क्लिप बंदुकीच्या आवाजाआधीच संपतात. स्टार्टिंग ब्लॉकमागे पाय झटकणं, केस घट्ट बांधणं, कॅमेऱ्याकडे एक नजर, बस्स. तिला ओळखणाऱ्यांनी तिला धावताना पाहिलेलंच नसावं, याचं मला मनापासून वाईट वाटतं.

ही रीत जुनी आहे. जुलै २०१२ मध्ये बार्सिलोनाच्या जागतिक ज्युनिअर स्पर्धेत ऑस्ट्रेलियाची मिशेल जेनेकी शर्यतीआधी नाचत नाचत अंग मोकळं करत होती. तो व्हिडिओ बघता बघता जगभर पोचला. अंतिम फेरीत ती पाचवी आली, ते मात्र फार कुणाच्या लक्षात राहिलं नाही. पुढच्याच वर्षी इन्स्टाग्रामवर व्हिडिओ आले, तेही फक्त १५ सेकंदांचे. शंभर मीटर अडथळ्यांची अव्वल शर्यत १३ सेकंदांच्या आत आटोपते. म्हणजे अख्खी शर्यत त्यात सहज मावली असती! तरी लोकांनी उचलून धरली ती तिच्या आधीची मिनिटं.

हंगेरीत तर ही शर्यत कधीच मानाची नव्हती. तिथला मान हातोडाफेकीचा. १९४८ पासून २०१२ पर्यंत पुरुषांच्या हातोडाफेकीत या छोट्या देशाने पाच ऑलिंपिक सुवर्णपदकं मिळवली. २०१७ मध्ये लंडनच्या जागतिक स्पर्धेत बालाझ बाजीने ११० मीटर अडथळ्यांत कांस्य जिंकलं, तेव्हा कुठे या प्रकाराची चर्चा वाढली.

कोझाक १९९६ ची, डेब्रेत्सेनची. तिची मायदेशातली प्रतिस्पर्धी ग्रेता केरेकेश हीसुद्धा त्याच शहरातली.

कोझाकचं खरं कसब पाहायचं तर दोन अडथळ्यांमध्ये पाहावं. अंतर साडेआठ मीटर, पावलं तीनच, आणि समोर ८३.८ सेंटिमीटर उंचीची फळी. पुढचा पाय फळीवरून जातो न जातो तोच खाली खेचायचा, मागचा गुडघा बाजूने वळवून आणायचा, आणि डोकं जवळपास एकाच पातळीत ठेवायचं. उंच उडी घेतली की वेळ गेलाच. हे लागोपाठ दहा वेळा.

ऑगस्ट २०२२ मध्ये म्युनिकच्या युरोपियन स्पर्धेत तिने हे १२.६९ सेकंदांत केलं आणि रौप्य मिळवलं. पोलंडची पिया स्क्शिशोव्स्का १२.५३ सेकंदांसह पहिली आली. मैदान होतं ऑलिंपिक स्टेडियम. महिलांची १०० मीटर अडथळा शर्यत ऑलिंपिकमध्ये पहिल्यांदा धावली गेली ती इथेच, १९७२ साली.