गेम्सवर पीएच.डी. करायचीय? अर्जाआधी विभाग ठरवा

डिजिटल गेम्सवर संशोधन करायचं म्हटलं की पहिली अडचण अर्जाच्या पहिल्याच रकान्यात येते: विषय कोणता? नेट म्हणजे राष्ट्रीय पात्रता परीक्षा. तिच्या विषययादीत गेम्सचा स्वतंत्र विषय नाही. संगणकशास्त्र आहे, मानसशास्त्र आहे, जनसंवाद व पत्रकारिता, दृश्यकला, लोकसाहित्यही आहे. तुमचं काम यांतल्या दोन-तीन विषयांत पसरलेलं असणार. त्यामुळे बाकी कागद जमवण्याआधी विभाग पक्का करा, कारण पात्रता त्यावरच ठरते.

एक उदाहरण घेऊ. नाशिकच्या पांडवलेण्यांत दगडात कोरलेले जुने पटखेळ आहेत. ते मोबाइलवर आणून शाळकरी मुलं कसे खेळतात हे तुम्हाला अभ्यासायचं आहे. यात प्राचीन इतिहास आला, प्रोग्रॅमिंग आलं, बालमानसशास्त्रही आलं. तुमची पदव्युत्तर पदवी मानसशास्त्राची असेल तर नोंदणी तिथेच करा आणि संगणकशास्त्रातले सहमार्गदर्शक घ्या. यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या पीएच.डी. नियमावलीनुसार सहमार्गदर्शक दुसऱ्या विभागातले, अगदी दुसऱ्या संस्थेतलेही चालतात, सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता मात्र लागते. आंतरविद्याशाखीय संशोधनाची खरी वाट हीच आहे, आणि अनेक विद्यार्थ्यांना ती माहीतच नसते.

मार्गदर्शक शोधताना त्यांच्याकडे जागा आहे का ते आधी विचारा. प्राध्यापकांना एका वेळी 8, सहयोगी प्राध्यापकांना 6 आणि सहायक प्राध्यापकांना 4 विद्यार्थी घेता येतात. निवृत्तीला तीन वर्षांपेक्षा कमी उरली असतील तर ते नवा विद्यार्थी घेऊ शकत नाहीत.

पात्रता अशी: दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी 55 टक्क्यांनी, किंवा चार वर्षांची पदवी 75 टक्क्यांनी. एससी, एसटी, नॉन-क्रीमीलेअर ओबीसी, दिव्यांग आणि ईडब्ल्यूएस उमेदवारांना 5 टक्के सवलत आहे. 2024 पासून नेटचे गुण पीएच.डी. प्रवेशासाठीही धरले जातात. जेआरएफ (कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती) मिळाली नाही तरी नेटच्या गुणांना 70 टक्के आणि मुलाखतीला 30 टक्के भारांश मिळतो. मात्र हे गुण एकच वर्ष चालतात, म्हणून निकाल येण्याआधीच मार्गदर्शकांशी बोलणं झालेलं बरं. विद्यापीठ स्वतःची पेट (पीएच.डी. प्रवेश परीक्षा) घेत असेल तर निम्मे प्रश्न संशोधन पद्धतीवर असतात. गेम्सवाले विद्यार्थी नेमके तिथे कमी पडतात, तेव्हा हा भाग मनापासून वाचा.

कागदपत्रांत सगळ्या सत्रांच्या गुणपत्रिका, पदवी प्रमाणपत्र, स्थलांतर प्रमाणपत्र, ओळखपत्र, फोटो-सही आणि संशोधन आराखडा हे नेहमीचंच. अर्ज अडतात ते तीन कागदांवर. गुणपत्रिकेवर फक्त सीजीपीए असेल तर टक्केवारीचं रूपांतर विद्यापीठाकडून लेखी घ्या. नेटसाठी ओबीसी सवलत हवी असेल तर जात केंद्राच्या यादीत असावी लागते आणि दाखला केंद्राच्या नमुन्यात लागतो. राज्याचा दाखला जोडून भागत नाही, आणि तहसील कार्यालयात वेळ जातो, म्हणून हे काम सर्वांत आधी. नोकरी सांभाळून अर्धवेळ पीएच.डी. करणार असाल तर नुसतं ना-हरकत पत्र पुरत नाही. अर्धवेळ संशोधनाला परवानगी आहे, कामाच्या स्वरूपामुळे पुरेसा वेळ मिळेल आणि गरज पडल्यास कोर्सवर्कसाठी (प्रवेशानंतरच्या सक्तीच्या अभ्यासक्रमासाठी) मोकळीक देऊ, या तिन्ही गोष्टी त्यात स्पष्ट लिहून घ्या. गेम स्टुडिओत काम करणाऱ्यांनी याकडे खास लक्ष द्यावं.

आराखड्यात नैतिकतेचा परिच्छेद हवाच. डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा, 2023 मध्ये 18 वर्षांखालील प्रत्येक जण मूल ठरतो. त्यामुळे वरच्या उदाहरणात पालकांची लेखी संमती, शाळेची परवानगी आणि विद्यापीठाच्या नैतिकता समितीची मान्यता, ही तिन्ही खेळाची पहिली नोंद घेण्याआधी हातात हवीत. मुलाचं नाव न घेता क्रमांक देऊन नोंदी कशा ठेवणार, हेही तिथेच लिहा.

प्रवेशानंतर किमान 12 श्रेयांकांचं कोर्सवर्क असतं, त्यात संशोधन पद्धती आणि संशोधन-प्रकाशन नीतिमत्ता सक्तीची. एकूण मुदत किमान तीन, कमाल सहा वर्षं. जेआरएफ असेल तर सुरुवातीला दरमहा 37,000 रुपये मिळतात. नसेल तर राज्यातल्या बार्टी (अनुसूचित जातींसाठी), सारथी (मराठा-कुणबी समाजासाठी), महाज्योती (ओबीसी, भटक्या-विमुक्तांसाठी) या संस्थांच्या अधिछात्रवृत्त्यांच्या जाहिरातींवर लक्ष ठेवा. तिथे अर्ज करताना पीएच.डी. नोंदणीचं पत्र मागतात, तेव्हा ते मिळाल्याबरोबर स्कॅन करून ठेवा.