८३० मुलांमागे एक पुस्तक: घरातलं नव्हे, दुकानातलं

‘अमेरिकेतल्या गरीब वस्तीत ८३० मुलांमागे एकच पुस्तक असतं, कारण आईबापांना वाचनाची गोडीच नाही.’ हे वाक्य वर्षानुवर्षं फिरतंय. आकडा खरा आहे, पण पुढचं कारण कोणीतरी मनानेच चिकटवलेलं.

हा आकडा सुझन न्यूमन आणि नाओमी मोलँड या अमेरिकी शिक्षण-संशोधकांच्या अभ्यासातला; तो २०१६ साली आला. डेट्रॉइट, वॉशिंग्टन आणि लॉस एंजेलिसमधल्या वस्त्यांत गल्लोगल्ली फिरून कुठल्या दुकानात मुलांचं पुस्तक विकत मिळतं, ते मोजलं गेलं. म्हणजे गणती दुकानांच्या फळ्यांवरची होती, घरातल्या कपाटांची नव्हे! वॉशिंग्टनच्या अ‍ॅनाकोस्टिया या गरीब वस्तीत ८३० मुलांमागे एक पुस्तक निघालं. त्याच शहरातल्या, नव्याने भाव चढलेल्या कॅपिटल हिलवर दोन मुलांमागे एक. (वाचनालयातली पुस्तकं यात नाहीत, हे सांगायला सगळे सोयीस्कर विसरतात.)

न्यूमन यांचा रोख श्रीमंत-गरीब वस्त्या वेगळ्या पडण्यावर आहे. श्रीमंत आणि गरीब वेगवेगळ्या भागांत राहू लागले, की गिऱ्हाईक नाही म्हणून दुकानदार पुस्तक ठेवतच नाही. २०१५ च्या उन्हाळ्यात अ‍ॅनाकोस्टियात फुकट पुस्तकं देणारी यंत्रं बसवली, तेव्हा त्याच ‘गोडी नसलेल्या’ घरांतली मुलं पुस्तकं घेऊन गेली.