जुनी गाडी नावावर करताना अर्ज नेमका कुठे अडकतो

जुनी कार विकली, पैसे खात्यात आले, किल्ली दिली, की व्यवहार पूर्ण झाला असं बहुतेकांना वाटतं. कायद्याच्या लेखी तो तेव्हा जेमतेम सुरू झालेला असतो. आरसीवर, म्हणजे गाडीच्या नोंदणी प्रमाणपत्रावर, ज्याचं नाव, तो मालक. 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या खटल्यात हेच ठणकावून सांगितलं. ती गाडी एकापाठोपाठ एक अशा अनेक हातांतून गेली होती, पण आरटीओच्या दप्तरी नाव पहिल्याच माणसाचं राहिलं होतं. पुढे अपघात झाला आणि नुकसानभरपाईची जबाबदारी त्याच नोंदणीकृत मालकावर आली. गाडी विकून बरेच महिने झाले, ती कोण चालवतं हे मला माहीतही नाही, हा बचाव टिकत नाही.

म्हणून हे लिहितो आहे. अर्ज तसा सोपा आहे. अडतो तो ठरावीक पाच-सहा ठिकाणी आणि दर वेळी तिथेच.

आधी नेहमीची कागदपत्रं. फॉर्म 29 (विकल्याची सूचना) आणि फॉर्म 30 (घेणाऱ्याचा नाव-बदलाचा अर्ज), मूळ आरसी, चालू विमा, चालू पीयूसी म्हणजे प्रदूषण तपासणीचा दाखला, दोघांचं पॅन, घेणाऱ्याचा पत्त्याचा पुरावा, फोटो आणि चेसिस नंबरची पेन्सिल प्रिंट. अर्ज परिवहनच्या संकेतस्थळावर भरायचा, शुल्क तिथेच भरायचं आणि छापलेली प्रत सह्यांसह आरटीओत द्यायची. कारच्या नाव-बदलाचं मूळ शुल्क 300 रुपये आहे आणि नवीन कर्जाचा बोजा चढवायचा असेल तर त्याचे 1,500 वेगळे. कार्ड आणि टपाल यांचे पैसे त्यावर. एजंट लावायचा की नाही हे ज्याचं त्याने ठरवावं, पण सरकारी पावती किती रुपयांची झाली हे त्याच्याकडे मागून बघाच.

पेन्सिल प्रिंट घरीच काढता येते. काही गाड्यांत पुढच्या सीटजवळचा गालिचा उचलला की चेसिस नंबर दिसतो, काहींत बॉनेटखाली असतो. तिथली धूळ ओल्या फडक्याने पुसायची, कोरडं करायचं, पातळ कागद घट्ट धरायचा आणि पेन्सिल आडवी करून हलक्या हाताने घासायची. आकडे पांढरे उमटतात. एखादा आकडा पुसट आला तर दुसरा कागद घ्या. पुसट आकडा पेनाने गिरवलेली प्रिंट खिडकीवरून परत येते.

तीन मुदती, आणि त्यांची नेहमीची गल्लत

"तीस दिवस असतात ना?" हा प्रश्न सगळ्यांच्या तोंडी असतो. तीस दिवस असतात, पण घेणाऱ्याला. मोटार वाहन कायद्याच्या कलम 50 प्रमाणे विकणाऱ्याने 14 दिवसांत आरटीओला कळवायचं असतं. गाडी दुसऱ्या राज्यात जात असेल तर ही मुदत 45 दिवस. फॉर्म 29 म्हणजे विकणाऱ्याने द्यायची हीच सूचना. ते घेणाऱ्याचं काम आहे, तो बघेल, असं समजून विकणारा निवांत बसतो आणि इथेच त्याचा घात होतो.

तिसरी मुदत विम्याची आणि ती कुणाच्याच डोक्यात नसते. गाडी घेतल्यापासून 14 दिवसांच्या आत घेणाऱ्याने विमा कंपनीला पॉलिसी आपल्या नावावर करा असं कळवायचं असतं. कायद्याने थर्ड पार्टी विमा आपोआप नव्या मालकाकडे जातो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा भाग तसा जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 1996 सालीच स्पष्ट केलं आहे. तरी आजही लोक पूर्ण विम्याची गाडी घेतात, दोन महिन्यांनी बंपर-बॉनेटचा चुराडा होतो, दावा नामंजूर होतो आणि मग कंपनीला शिव्या देतात. पॉलिसीवर नाव जुन्या मालकाचं, गाडी नव्याची. दावा मंजूर होणार कसा? आणि पॉलिसीवर दिसणारा नो क्लेम बोनस, म्हणजे दावा न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, विकणाऱ्याचा असतो, गाडीचा नव्हे. पॉलिसी नावावर करताना तेवढ्या फरकाची रक्कम घेणाऱ्याला भरावी लागते. विकणाऱ्याने आपल्या बोनसचं पत्र कंपनीकडून मागून घ्यावं. ते तीन वर्षं चालतं आणि पुढच्या गाडीच्या विम्यात पैसे वाचवतं.

फिटलेल्या कर्जाचा न उतरलेला बोजा

सगळ्यात जास्त अर्ज इथे अडतात. कर्ज कधीच फिटलेलं असतं, हप्त्यांची आठवणही उरलेली नसते, पण आरसीवर बँकेचं नाव तसंच असतं. कर्ज फेडणं आणि एचपी, म्हणजे आरसीवरची कर्जाची नोंद, उतरवणं ही दोन वेगळी कामं आहेत हे कर्ज देताना कुणी सांगत नाही. बँकेच्या लेखी संमतीशिवाय आरटीओ नाव बदलूच शकत नाही.

त्यासाठी बँकेचा नाहरकत दाखला लागतो आणि फॉर्म 35, दोन प्रतींत, बँकेच्या सही-शिक्क्यासह. दाखल्यावर बहुतेक वेळा 90 दिवसांची मुदत छापलेली असते. ती लहान अक्षरांत असते आणि कुणी वाचत नाही. एका आरटीओच्या खिडकीसमोर एक निवृत्त शिक्षिका उभ्या होत्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत नीट घडी घालून ठेवलेला दाखला, शिक्का अगदी ठळक, फॉर्म 35 च्या दोन्ही प्रती जागच्या जागी. कारकुनाने तारीख बघितली आणि कागद परत सरकवला. दाखला कित्येक वर्षांपूर्वीचा होता. "अहो, पण कर्ज तर फिटलंय ना?" असं त्या पुन्हा पुन्हा विचारत होत्या. त्यांचं म्हणणं शंभर टक्के खरं होतं आणि त्याचा काही उपयोग नव्हता. फिटलेलं कर्ज तीन महिन्यांनी पुन्हा थकीत होत नाही. मग हा कागद शिळा का व्हावा, याचं समाधानकारक उत्तर मला अजून कुणी दिलेलं नाही. पण नियम बदलेपर्यंत दाखला हातात पडल्या पडल्या आरटीओत जा. मुदत टळली असेल तर वाद घालण्यात दिवस घालवू नका, बँकेकडून नवा दाखला घ्या.

आता ज्यांची बँकच उरली नाही त्यांचं काय? देना बँक आणि विजया बँक 2019 मध्ये बँक ऑफ बडोदात गेल्या. 2020 मध्ये सिंडिकेट बँक कॅनरा बँकेत, ओरिएंटल बँक पंजाब नॅशनलमध्ये, आंध्रा आणि कॉर्पोरेशन बँक युनियन बँकेत विलीन झाल्या. अशा वेळी दाखला आजच्या बँकेने द्यायचा असतो. शाखेतला नवा अधिकारी "हे कर्ज आमच्या सिस्टिमला दिसत नाही" म्हणतो, तेव्हा निघून येऊ नका. जुना कर्ज खाते क्रमांक, खात्याचा उतारा आणि आरसीची प्रत जोडून लेखी अर्ज द्या आणि त्याची पोच घ्या. तोंडी विनंती विसरली जाते, पोच दिलेला अर्ज फाइलला लागतो. दाखल्यात जुन्या बँकेचं नाव, विलीनीकरणाचा उल्लेख आणि गाडीचा नंबर हे तिन्ही हवेत, नाहीतर आरसीवरचं नाव आणि शिक्का जुळत नाही म्हणून तोही परत येईल. सहकारी बँक बुडाली असेल, जसा पुण्याच्या रुपी बँकेचा परवाना 2022 मध्ये रद्द झाला, तर अवसायकाकडे, म्हणजे बंद झालेल्या बँकेचा कारभार गुंडाळणाऱ्या अधिकाऱ्याकडे, अर्ज करावा लागतो.

ओटीपी कुणाच्या फोनवर जातो

ऑनलाइन अर्जाला विकणाऱ्याच्या नोंदवलेल्या मोबाइलवर ओटीपी येतो. गाडी नवी घेतली तेव्हा शोरूमने किंवा एजंटने भलताच नंबर टाकलेला असतो, किंवा मालकाचा तो नंबर कधीच बंद झालेला असतो. सौदा ठरण्यापूर्वी परिवहनच्या संकेतस्थळावर चेसिस आणि इंजिन नंबर देऊन स्वतःचा मोबाइल नोंदवून घ्या. गाडी दिल्यावर हे करायला गेलात तर आरसी आणि गाडी दोन्ही समोरच्याकडे असतात.

नावाचंही तेच. आरसीवर वडिलांच्या नावाचं नुसतं आद्याक्षर, आधारवर पूर्ण नाव. माणसाला फरक कळतो, संगणकाला कळत नाही. सहीसुद्धा जुळावी लागते. वयामुळे हात थरथरत असेल आणि पंधरा वर्षांपूर्वीची सही आता जमत नसेल, तर फॉर्मवर ओढूनताणून जुनी सही काढू नका. मालकाने स्वतः जाऊन अधिकाऱ्यासमोर सही करणं हाच सरळ मार्ग.

अर्ज भरण्याआधी आणखी तीन गोष्टी बघा. गाडी 1 एप्रिल 2019 पूर्वीची असेल आणि तिला एचएसआरपी, म्हणजे उच्च सुरक्षा नंबर पाटी, नसेल, तर महाराष्ट्रात नाव-बदल आणि बोजा उतरवणं अडवलं जातं. कारसाठी पाटीचा दर 745 रुपये आणि वर जीएसटी. थकलेली ई-चलनं भरून टाका. आणि गाडीला पंधरा वर्षं झाली असतील, तर आधी फॉर्म 25 भरून नोंदणीचं नूतनीकरण आणि पर्यावरण कर, मगच नाव-बदल.

कोऱ्या फॉर्मवर सही

याबद्दल मी हात जोडून सांगतो. दलाल म्हणतो, "साहेब, गिऱ्हाईक ठरलं की नाव टाकतो, तुम्ही फक्त सह्या करून ठेवा." आणि माणसं घेणाऱ्याच्या नावाची जागा कोरी ठेवून फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून देतात. मग ती गाडी महिनोन् महिने फिरते. टोल, चलन, अपघात, सगळ्याचा पत्ता तुमच्या घरचा. पोलीस चौकशीला तुमच्या दारात येतात.

1 एप्रिल 2023 पासून यावर कायदेशीर उपाय आहे. जुन्या गाड्यांचा व्यापार करणाऱ्याला आरटीओची अधिकृतता घ्यावी लागते. गाडी त्याच्या ताब्यात देताना फॉर्म 29 सी ऑनलाइन भरला की पुढचं गिऱ्हाईक मिळेपर्यंत तो व्यापारीच गाडीचा मालक मानला जातो. अधिकृतता प्रमाणपत्र दाखवा म्हणा. टाळाटाळ झाली तर गाडी तिथे ठेवू नका, दोन पैसे जास्त मिळत असले तरी.

थेट विकत असाल तर ताबापावती करा. तारखेबरोबर वेळही लिहा, किलोमीटरचा आकडा लिहा, घेणाऱ्याची सही आणि ओळखपत्राची प्रत घ्या. त्याच संध्याकाळी कुठे सिग्नल तोडला गेला तर हीच पावती दाखवता येते. पण ती फॉर्म 29 ची जागा घेत नाही.

मालकाचं निधन झालं असेल तर

इथे घरच्यांची मनःस्थिती नाजूक असते आणि सल्ले सगळ्यात वाईट मिळतात. वारसाने तीन महिन्यांत फॉर्म 31 भरायचा असतो, हे बहुतेकांना कळतं. त्याआधीची पायरी सुटते. मृत्यूनंतर 30 दिवसांच्या आत आरटीओला निधनाची आणि गाडी आपण वापरणार असल्याची सूचना द्यायची असते. ती दिली तरच पुढे तीन महिन्यांपर्यंत गाडी वापरण्याची मुभा मिळते. विमाही मृत्यूपासून तीन महिने किंवा पॉलिसी संपेपर्यंत, यांतलं जे आधी असेल तोवरच चालतो. दिवसकार्य आटोपून माणूस जरा सावरेपर्यंत महिना निघून जातो, हे मी कितीदा पाहिलं आहे. म्हणून शेजाऱ्याने किंवा भाच्या-पुतण्याने हे एक पत्र आठवणीने द्यायला लावावं.

फॉर्म 31 सोबत मृत्यूचा दाखला, आरसी आणि विमा जोडायचा. इतर वारसांची संमती प्रतिज्ञापत्रावर मागितली जाते आणि खरी कसरत तिथे असते. मुलगा परदेशात असेल तर त्याने तिथल्या भारतीय दूतावासातून संमतीपत्र साक्षांकित करून पाठवावं. त्याला वेळ लागतो, त्यामुळे ते काम पहिल्याच आठवड्यात सुरू करा.

"वडिलांची सही तुम्हीच करा, तारीख मागची टाका, काम दोन दिवसांत होईल," असं सांगणारे भेटतील. ही खोटी सही आहे आणि भावाबहिणींत पुढे कधी वाद झाला तर गुन्हा तुमच्यावर दाखल होईल. चांगली वाट हयातीतच मोकळी आहे. 2021 पासून आरसीवर नॉमिनीची नोंद करता येते, नव्या गाडीला आणि जुन्यालाही. नॉमिनी असेल तर मृत्यूचा दाखला देऊन गाडी त्याच्या नावावर होते. घरात आईवडिलांच्या नावावर गाडी असेल तर आज संध्याकाळी त्यांच्याजवळ बसून ही नोंद करून घ्या.

अर्ज मंजूर झाल्यावर एम-परिवहन या सरकारी अ‍ॅपवर गाडीचा नंबर टाकून नाव बदललं का ते विकणाऱ्याने स्वतः बघावं आणि त्या पानाची प्रत ठेवावी. फास्टॅग मात्र किल्ली दिली त्याच दिवशी बंद करायचा, नाहीतर दुसऱ्याचा टोल तुमच्या खात्यातून जात राहतो. नवं कार्ड स्पीड पोस्टने घेणाऱ्याच्या अर्जातल्या पत्त्यावर येतं. घर बंद असेल तर ते आरटीओत परत जातं. तसं झालं तर नवा अर्ज करू नका, पावती आणि ओळखपत्र घेऊन तिथल्या टपाल विभागात चौकशी करा.