कोकणचा ऊस, घाटावरची वीज

वैभववाडी-कणकवली भागातला ऊस तुटला की ट्रकात भरून घाट चढतो. बराचसा जातो तो गगनबावडा तालुक्यातल्या असळजजवळच्या डॉ. डी. वाय. पाटील कारखान्याकडे. शेतकरी वजनकाट्यावर टन मोजतो आणि साखरेचा विचार करतो. पण त्या टनात साखर असते जेमतेम ११०-१२० किलो. चिपाड निघतं २८० ते ३०० किलो (त्यातलं निम्मं पाणीच) आणि मळी, म्हणजे साखर काढल्यावर उरणारा घट्ट काळा पाक, चाळीसेक किलो. कारखाने आज ज्या वीज आणि इथेनॉलच्या गोष्टी सांगतात, त्यांचा बराचसा आधार म्हणजे ही दोन उरलीसुरली.

ऊस कोकणाला नवा नाही. वसईच्या बागायतीत केळी आणि पानवेलींच्या जोडीनं ऊस होता. १८८२ च्या ठाणे जिल्हा गॅझेटियरातही त्याची नोंद सापडते. उसापासून ऊर्जा हीसुद्धा जुनीच गोष्ट. रस काढायचा, चिपाड उन्हात वाळवायचं आणि तेच चुलवाणात सारून काहिलीतला रस आटवायचा, ही गुऱ्हाळाची रीत. जळणासाठी फार कुणाच्या दारी जावं लागत नसे.

मग कारखाने कोकणात का आले नाहीत? पाऊस इथं तीन हजार मिलीमीटर पडतो, तोही जेमतेम चार महिन्यांत, आणि जांभ्यातून तो झिरपून किंवा वाहून जातो. ऊस शेतात उभा असतो बारा ते अठरा महिने. त्याला ऑगस्टच्या पुराचं काय कौतुक? त्याला फेब्रुवारी-मार्चमध्ये पाटाला पाणी लागतं. ते पाणी घाटावर होतं. प्रवरेवर १९२६ मध्ये भंडारदरा धरण पुरं झालं, कालवे आले, आणि त्याच प्रवराकाठी लोणीला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी उभारलेल्या सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ मध्ये झाला. पुढचं सहकारी साखरेचं राजकारण घाटमाथ्यापलीकडेच वाढलं.

इथं कोयनेची आठवण काढावीच लागते. १९६२ पासून घाटावरचं पाणी चिपळूण तालुक्यातल्या पोफळीला उतरून वीज देतं आणि वाशिष्ठीतून समुद्राला मिळतं. कृष्णा पाणीतंटा लवादानं, म्हणजे न्यायमूर्ती बच्छावत यांच्या लवादानं, १९७६ मध्ये पश्चिमेकडे वळवायच्या या पाण्याला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. उरलेलं पूर्वेला, कृष्णाकाठच्या शेतीला. त्या शेतीत उसाचा वाटा किती, हे वेगळं सांगायला नको. थोडक्यात, त्यांचं पाणी खाली येऊन वीज होतं आणि आपला ऊस वर जाऊन.

कोकणी माणसाचा उसाशी खरा जुना संबंध मात्र आला समुद्रापार. १८३४ नंतर मॉरिशसच्या ऊसमळ्यांवर गिरमिटिया, म्हणजे करारानं बांधलेले, मजूर जाऊ लागले. मुंबई बंदरातून गेलेल्यांत रत्नागिरी जिल्ह्यातल्या गावांचे लोक बरेच होते आणि तिथल्या आजच्या मराठी कुटुंबांची मुळं बहुतांशी कोकणातच निघतात. याच बेटावर सेंट आंत्वान कारखान्यानं १९५७ मध्ये चिपाडावरची शिल्लक वीज सार्वजनिक जाळ्यात सोडली. १९८५ मध्ये फ्लाक इथं वीस मेगावॉटहून थोडं मोठं केंद्र आलं, २००० मध्ये बेल व्ह्यूला सत्तर मेगावॉटचं. हंगामात चिपाड, एरवी दगडी कोळसा, अशी त्यांची पद्धत. कोळशाचा हा भाग हरित विजेच्या कौतुकात सहसा गाळला जातो.

आपल्याकडे तोवर चिपाड ही डोकेदुखीच होती. हलकं, फुगीर, चटकन पेट घेणारं. त्यामुळे हंगाम संपेतो ते सगळं संपावं, शिल्लक राहू नये, याच हिशेबानं कमी दाबाचे बॉयलर चालत. नव्या तंत्रात फरक एवढाच की चौरस सेंटीमीटरला ६७, ८७, पुढं ११० किलो दाबाची वाफ आधी टर्बाइन फिरवते आणि दाब उतरल्यावर रस आटवायला जाते. त्याच चिपाडात कारखान्याची गरज भागून उसाच्या टनामागे शंभर युनिटांच्या आसपास वीज विकता येते.

केंद्राचा अशा सहवीजनिर्मितीचा (एकाच वाफेतून वीज आणि उष्णता) राष्ट्रीय कार्यक्रम १९९४ मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रात गाडी हलली ती मात्र राज्य वीज नियामक आयोगानं २००२ मध्ये खरेदीचा दर ठरवून दिल्यावर. मधल्या काळात कोकणानं दाभोळचा एन्रॉन प्रकल्प १९९९ मध्ये सुरू होताना आणि २००१ मध्ये बंद पडताना पाहिला. २००३ च्या वीज कायद्यानं अक्षय ऊर्जा खरेदीचं बंधन आणलं आणि २००८ च्या राज्य धोरणानं चिपाडावर हजार मेगावॉटचं लक्ष्य ठेवलं. नंतर स्पर्धात्मक बोली आली, सौर वीज स्वस्त झाली आणि चिपाडाच्या विजेचा भाव पडला.

मळीची वाट वेगळी. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळण्याचे पहिले प्रयोग २००१ मध्ये मिरज, मनमाड आणि उत्तर प्रदेशातल्या आंवल्याला झाले. २०१८ च्या जैवइंधन धोरणानं बी-हेवी मळी (पूर्ण साखर न काढता बाजूला घेतलेली) आणि थेट उसाचा रसही चालवून घेतला. नेहमीच्या मळीतून उसाच्या टनामागे दहा-अकरा लिटर मिळतं, सगळा रसच वापरला तर सत्तरच्या आसपास, म्हणजे मोह कळतोच. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल म्हणून केंद्रानं त्याला लगाम घातला, ऑगस्ट २०२४ मध्ये तो सैल केला. कुडाळच्या पंपावर आज जे पेट्रोल मिळतं, त्यात कोकणातल्या उसाचा अंश असूही शकतो. फक्त तो टँकरनं परत आलेला.

घाटाखाली गोव्यात धारबांदोड्याला संजीवनी सहकारी कारखाना १९७३-७४ च्या सुमारास सुरू झाला. काही वर्षांपूर्वी त्याचं गाळप थांबलं. तिथं इथेनॉल प्रकल्प आणायच्या घोषणा मात्र होत राहिल्या.

राहता राहिला पैसा. एफआरपीतून, म्हणजे केंद्रानं ठरवलेल्या किमान ऊसदरातून, तोडणी-वाहतुकीचा खर्च वजा होतो. त्यात घाटाची चढण आहेच. २०२४ मध्ये करूळ घाट रुंदीकरणासाठी बंद झाला तेव्हा गाड्यांना फोंडा किंवा भुईबावड्याचा वळसा पडला. महाराष्ट्रानं २०१३ मध्ये ऊसदराचा कायदा केला. त्यातल्या सूत्रानुसार साखर, चिपाड, मळी आणि प्रेसमड (रस गाळल्यावर उरणारा गाळ) यांच्या उत्पन्नातला सत्तर टक्के वाटा ऊसदरात धरायचा. पण चिपाड धरायचं चिपाडाच्या भावानं आणि मळी मळीच्या. त्यांची पुढं वीज आणि इथेनॉल झाल्यावर जो पैसा येतो तो या सूत्राबाहेर. तोही धरावा, ही शेतकरी संघटनांची मागणी आहे आणि वैभववाडीच्या ऊस उत्पादकाचा तिच्याशी संबंध कोल्हापूरकरांइतकाच आहे.