टिपाडाच्या आतले काळे ठिपके

जत तालुक्यात माझ्या आत्याच्या अंगणात एक निळं टिपाड आहे. नळाला पाणी रोज येत नाही, त्यामुळे ते भरून ठेवावंच लागतं. गेल्या पावसाळ्यात तिने ते रिकामं करून आठवडाभर पालथं घातलं आणि मग पुन्हा भरलं. तिसऱ्या दिवशी पाण्यात डासांच्या अळ्या वळवळत होत्या. "चांगलं सुकवलं हुतं की रं, मग ह्या आल्या कुठनं?"

बाहेरून कुठूनच नाही. त्यांची अंडी टिपाडातच, आतल्या भिंतीला चिकटलेली होती.

डेंग्यू आणि चिकुनगुनिया पसरवणारी एडिस इजिप्ती ही पायांवर पांढरे पट्टे असलेली डासाची जात. रक्त प्यायल्यावर साधारण तीन दिवसांत तिच्या मादीच्या पोटात शंभरेक अंडी तयार होतात आणि ती जागा शोधायला निघते. लांबून तिला सावलीतली, गडद रंगाची भांडी खुणावतात. जवळ आल्यावर वास कामाला येतो. पाण्यात कुजणारा पाला आणि त्यावर पोसलेले जीवाणू यांचा वास तिच्या दृष्टीने 'इथे पिलांना खायला आहे' असा निरोप असतो. पहिल्या पावसात मातीला जो वास सुटतो, तो ज्या जिओस्मिनमुळे येतो, तेच रसायन या मादीलाही ओढून घेतं. आपण ज्या वासाने हरखून जातो, त्याच्याच मागावर तीही असते, याचं मला फार नवल वाटतं.

मग ती पाण्याला पाय लावून पाहते. डासांना पायांनी चव कळते. २०१९ मध्ये न्यूयॉर्कच्या रॉकफेलर विद्यापीठातल्या संशोधकांनी दाखवलं, की एक विशिष्ट जनुक निकामी केलं तर मादी गोड्या पाण्यापाशी येऊनही अंडी घालताना अडखळते, आणि एरवी टाळते त्या खारट पाण्यात मात्र अंडी घालते.

जागा पटली तरी ती सगळी अंडी एका ठिकाणी घालत नाही. थोडी टिपाडात, थोडी टायरात, थोडी फ्रिजमागच्या ट्रेमध्ये. एक भांडं कुणी उपडं केलं तरी बाकीची वाचतात. शिवाय ती अंडी पाण्यात न घालता पाण्याच्या रेषेच्या जरा वर, ओलसर भिंतीवर चिकटवते. घातली तेव्हा पांढरी असलेली अंडी काही तासांत काळी पडतात. दोन-तीन दिवसांत आतला जीव आकाराला आला, की ती कोरडी पडूनही कित्येक महिने तग धरतात. पाणी चढून अंड्यांना लागलं की अळ्या बाहेर येतात, तेही सगळ्या एकदम नाही. काही अंडी पुढच्या भिजण्याची वाट पाहतात.

म्हणून 'कोरडा दिवस', म्हणजे पाण्याची भांडी रिकामी करून सुकवण्याचा दिवस, पाळताना नुसतं पाणी ओतून भागत नाही, आतली भिंत घासावी लागते. माझं स्पष्ट मत आहे, की आरोग्य खात्याच्या फलकांवर 'रिकामं करा'च्या आधी 'घासा' हा शब्द हवा. अंड्यापासून डास व्हायला उन्हाळी हवेत आठ-दहा दिवस पुरतात, म्हणून हे दर आठवड्याला करायचं.

सगळ्याच डासांची आवड अशी नसते. हत्तीरोग पसरवणाऱ्या क्युलेक्सला गटाराचं घाण पाणी चालतं. ती दोन-अडीचशे अंडी एकमेकांना चिकटवून पाण्यावर तराफाच सोडते, आणि त्या अंड्यांच्या वासाने इतर माद्याही तिथेच येतात. सांगलीत कृष्णेचा पूर ओसरल्यावर मागे राहणारी डबकी म्हणजे तिला आयतीच जागा. मलेरियाची अॅनॉफेलिस मात्र बहुधा स्वच्छ पाणी निवडते. तिच्या प्रत्येक सुट्या अंड्याला दोन्ही बाजूंनी हवेचे फुगे असतात. शहरातली तिची एक जात विहिरी आणि गच्चीवरच्या टाक्यांतही वाढते.

आत्याला मी टिपाड आडवं करून बॅटरीच्या उजेडात आतली भिंत दाखवली. पाण्याच्या जुन्या रेषेवर मोहरीपेक्षाही बारीक काळे ठिपके ओळीने चिकटले होते. तिने बोट फिरवून पाहिलं. "मला वाटलं, धूळच हाय ही," म्हणाली आणि काथ्या आणायला आत गेली.