ज्येष्ठ दांपत्य सेवा

ज्येष्ठ दांपत्य सेवा : नोकरी व मुलांच्या जबाबदारीतून मोकळ्या झालेल्या ख्रिस्ती पतिपत्नींनी आपल्या चर्चच्या मिशनकार्यासाठी जोडीने आणि विनावेतन केलेली सेवा. जोडीने केलेल्या अशा सेवेचा एक जुना दाखला ‘नव्या करारा’तील प्रेषितांच्या कृत्यांत सापडतो. रोमन सम्राट क्लौद्य कैसराच्या आज्ञेमुळे रोम सोडावे लागलेले अक्विल्ला व प्रिस्किल्ला हे तंबू करणारे जोडपे करिंथात प्रेषित पौलाला आपल्या घरी ठेवून घेते, पुढे इफिसात अपुल्लोस या प्रचारकाला शिकवते आणि, पौलाच्या पत्रांवरून दिसते त्याप्रमाणे, आपले घर उपासनेसाठी खुले करते. त्यांचे वय तेथे सांगितलेले नाही, मात्र दोघांची नावे दर वेळी बरोबरच येतात, हे लक्षात घेण्याजोगे आहे.

या सेवेचे सर्वांत आखीव रूप १८३० मध्ये अमेरिकेत स्थापन झालेल्या आणि सॉल्ट लेक सिटी येथे मुख्यालय असलेल्या लॅटर-डे सेंट्स चर्चमध्ये दिसते. तेथील ज्येष्ठ दांपत्ये ठरावीक महिन्यांसाठी घरदार सोडून, बहुतांश खर्च स्वतःच्या बचतीतून करून, नेमून दिलेल्या देशी राहतात. त्यांना ‘एल्डर’ आणि ‘सिस्टर’ असे संबोधतात. कार्यालयीन काम, नोंदी ठेवणे, मदतकार्य आणि स्थानिक मंडळींना आधार देणे ही त्यांची कामे असतात. तरुण मिशनरींचे काटेकोर वेळापत्रक त्यांना लागू नसते. या चर्चचे भारतातील पहिले आधुनिक मिशन बंगळुरू येथे १९९३ मध्ये सुरू झाले.

ठाणे आणि नवी मुंबई येथील कॅथलिक मराठी भाषकांत ही सेवा घर न सोडता, आपल्याच धर्मग्रामात, म्हणजे स्थानिक चर्चच्या हद्दीत, केली जाते. ठाण्याचा ख्रिस्ती इतिहास पोर्तुगीजांच्याही आधीचा आहे. १३२१ मध्ये तोलेंतिनोचे थॉमस आणि त्यांचे तीन सहकारी येथे मारले गेले व जॉर्डानस या डॉमिनिकन मिशनऱ्याने त्यांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. मासुंदा तलावाजवळचे सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्च पोर्तुगीज काळातले. ठाणे व नवी मुंबई हे दोन्ही भाग मुंबई महाधर्मप्रांतात मोडतात. सिडकोच्या वसाहतींत आणि घोडबंदर रस्त्याच्या उंच इमारतींत मुले परदेशी गेलेली म्हातारी माणसे एकेकटी राहू लागली, तशी घरी जाऊन भेटणाऱ्या माणसांची गरज वाढली. रोमहून २९ जानेवारी १९७३ रोजी निघालेल्या आदेशाने सामान्य श्रद्धावंतांनाही ‘असाधारण सेवक’ म्हणून ख्रिस्तप्रसाद, म्हणजे मिस्सा या उपासनेत पवित्र केलेली भाकर, देण्याची वाट मोकळी झाली होती, आणि हे काम निवृत्त जोडप्यांच्या हाती येणे स्वाभाविक होते.

अशा जोडप्याचा दिवस सकाळच्या मिस्साने सुरू होतो. परतताना भाजी घेणे, घरी नाश्ता, रक्तदाबाची गोळी आणि मग भेटीची तयारी, असा क्रम असतो. महिन्याच्या पहिल्या शुक्रवारी अनेक ठिकाणी अंथरुणाला खिळलेल्यांकडे ख्रिस्तप्रसाद नेला जातो, त्यामुळे त्या दिवशी घरे जास्त असतात. त्यांच्या वहीत नाव आणि मजला एवढेच लिहून भागत नाही. कुणाला कमी ऐकू येते, कुणाकडे दार उघडायला बाई अकरानंतरच येते, कुणाची मुलगी मस्कतहून कोणत्या वारी फोन करते, हेही त्यात असते. दुपारी विश्रांती, संध्याकाळी शेजारच्या कुटुंबांबरोबर जपमाळ आणि रात्री आजारी माणसाच्या नातेवाइकांना एखादा फोन, एवढ्यात दिवस संपतो. गुडघे दोघांचेही दुखत असतात. लिफ्ट बंद असली की एका मजल्यावर थांबून दम घ्यावा लागतो.

ख्रिस्तप्रसाद झाकणाच्या एका छोट्या गोल डबीत असतो आणि ती डबी कापडी पिशवीत घालून गळ्यात, छातीशी अडकवलेली असते. तो नेताना वाटेत थांबून गप्पा मारत नाहीत, म्हणून रिक्षात पत्ता सांगण्याचे काम बहुधा काकूच करतात. घरात पलंगाशेजारच्या स्टुलावर पांढरे कापड, क्रूस, मेणबत्ती आणि पाण्याचा पेला मांडलेला असतो. काका शुभवर्तमानातील चार ओळी मोठ्याने वाचतात, काकू तेच आजीच्या कानाशी हळू पुन्हा सांगतात, मग ‘हे आमच्या स्वर्गातील पित्या’ ही प्रार्थना सगळे म्हणतात. गिळता येत नसेल, तर प्रसादाचा अगदी लहान तुकडा चमचाभर पाण्याबरोबर देतात. वृद्ध, आजारी व त्यांची शुश्रूषा करणारे यांना प्रसादापूर्वी तासभर उपाशी राहण्याचा नियम लागू नाही, हे पुष्कळांना ठाऊक नसते आणि चहा घेतला म्हणून हात जोडून नको म्हणणाऱ्या आजींना ते दर महिन्याला समजावावे लागते. विधी दहा मिनिटांत आटोपतो. त्यानंतर जे बसणे होते ते अर्ध्या तासाचे असते, आणि या नोंदीच्या लेखकाच्या मते सेवेचा गाभा तेथेच आहे. काकू केस विंचरून देतात, काका विजेचे बिल वाचून दाखवतात.

जोडीचे महत्त्व येथे कळते. एकट्या विधवेच्या घरी एकटा पुरुष गेला तर दोघांनाही अवघडल्यासारखे होते, आणि पक्षाघाताने पडून असलेला गृहस्थ जे परक्या बाईसमोर बोलणार नाही ते आपल्या वयाच्या पुरुषाजवळ बोलतो. शिवाय पन्नास वर्षे संसार केलेल्यांना वृद्धपणाची भीती समजावून सांगावी लागत नाही.

या सेवकांच्या अधिकाराला मर्यादा आहेत. पापनिवेदन ऐकणे आणि आजाऱ्यांना तैलाभ्यंग (पवित्र तेल लावण्याचा संस्कार) देणे ही कामे फक्त धर्मगुरूंची असल्याने माणूस खालावत चालल्याचे दिसताच धर्मगुरूंना वेळेवर कळवणे, हे जोडप्याचे मोठे कर्तव्य ठरते. त्यांची नेमणूक धर्मप्रांताच्या संमतीने व ठरावीक मुदतीसाठी होते. मुदत संपली किंवा जिने चढणे अशक्य झाले, की ते नव्या जोडप्याला बरोबर घेऊन पुन्हा त्याच घरांतून फिरतात. प्रत्येक दारात नवे चेहरे ओळखीचे करून देतात, आणि शेवटच्या घरी वही त्यांच्या हाती देतात.