सिनेगॉगमधील गायन

ज्यू प्रार्थनामंदिरात हिब्रू प्रार्थना सुरात म्हणण्याची परंपरा. प्रार्थना चालवणारा तो हज्जान. त्याला रब्बी (धर्मगुरू) असावे लागत नाही; शुद्ध उच्चार, पाठ आणि त्या दिवसाची चाल येणारी समाजातली व्यक्ती पुरते. सनातनी प्रथेत सामूहिक प्रार्थनेला किमान १० प्रौढ पुरुष (मिन्यान) लागतात. सुधारणावादी मंडळ्या स्त्रियांनाही धरतात. मिन्यान भरले नाही तर ‘बारखू’, ‘कद्दिश’ आणि ‘केदुशा’ गाळतात, कारण हे तिन्ही भाग मंडळीच्या प्रतिसादावरच उभे आहेत.

प्रतिसादांत सर्वांत वारंवार येणारा शब्द म्हणजे आमेन, आणि चुकाही त्यातच जास्त होतात. घाईने उच्चारलेला, शेवट तोडलेला, आणि कशाला म्हणतो आहोत ते न ऐकताच म्हटलेला ‘अनाथ’ आमेन, असे तीन दोष तल्मूद या ज्यू धर्मचर्चेच्या ग्रंथाने सांगितले आहेत. यात हज्जानाचाही वाटा असतो. आशीर्वचनाच्या शेवटच्या शब्दावर त्याने लांब तान घेतली की मंडळी तो पुरा होण्याआधीच आमेन म्हणून मोकळी होते. आशीर्वचनाचा शेवट साध्या, ठाम स्वरांत करणारा हज्जान मंडळीला बरोबर घेऊन जातो.

‘अमिदा’ ही मुख्य प्रार्थना आधी सर्वांनी उभ्याने, पुटपुटत म्हणायची. सकाळी व दुपारी हज्जान ती पुन्हा मोठ्याने म्हणतो. एरवी तिच्यात १९ आशीर्वचने, शब्बाथला (शनिवारच्या विश्रामदिनी) ७. या पुनरावृत्तीत केदुशा येते. पावले जुळवून ‘कादोश’ (पवित्र) तीनदा म्हणताना प्रत्येक वेळी टाचा उचलतात.

तोरा म्हणजे मोशेची पाच पुस्तके; तिच्या वाचनाला वेगळीच तयारी लागते. हस्तलिखित गुंडाळीत स्वरचिन्हे नसतात, गायनखुणाही नसतात. वाचक छापील पुस्तकावरून दोन्ही पाठ करून येतो. ‘एत्नाख्ता’ ही खूण वचनाचे दोन भाग करते; तिथे न थांबता पुढे गेल्यास अर्थ भलतीकडे जोडला जातो. आघातही सांभाळावा लागतो: राहेलीच्या कथेतल्या ‘बाआ’ या शब्दात पहिल्या अक्षरावर जोर दिला तर ‘आली’, दुसऱ्यावर दिला तर ‘येत आहे’. अर्थ बदलणारी चूक झाली की शेजारी उभे असलेले तिथल्या तिथे टोकतात आणि वाचक तो शब्द पुन्हा वाचतो.

सनातनी सिनेगॉगमध्ये शब्बाथ व सणांना वाद्ये वाजत नाहीत. रोश हाशानाला (ज्यू नववर्षाला) शोफार म्हणजे मेंढ्याचे शिंग फुंकतात, रूढ प्रथेत १०० वेळा. मात्र तो दिवस शनिवारी आला तर शोफारही नाही. हॅम्बर्गच्या सुधारणावादी मंदिराने १८१८ मध्ये ऑर्गन आणला. व्हिएन्नात सुल्झर आणि बर्लिनमध्ये लेवांडोव्स्की या संगीतकारांनी एकोणिसाव्या शतकात चार आवाजांची वृंदरचना रुजवली. तिने संगीत समृद्ध झाले, पण बाकांवरचे लोक पुष्कळदा नुसते श्रोते झाले.

मुंबईतले बेने इस्राएलांचे (मराठीभाषक ज्यूंचे) पहिले सिनेगॉग १७९६ चे. त्यांच्या उपासनेला सेफार्दी (मूळ स्पेन-पोर्तुगालच्या ज्यूंचे) वळण कोचीनहून आलेल्या शिक्षकांनी दिले. जुन्या करारातल्या आख्यानांवर बेने इस्राएलांनी रचलेली मराठी कीर्तने प्रार्थनेबाहेरची. प्रार्थना हिब्रूतच राहिली.

शुक्रवारी संध्याकाळी ‘लेखा दोदी’ हे शब्बाथचे स्वागतगीत सगळे मिळून गातात. सोळाव्या शतकात गालीलमधील साफेद येथील श्लोमो अल्काबेत्झ यांनी रचलेल्या या गीतात ९ कडवी आहेत. पहिल्या ८ कडव्यांच्या आद्याक्षरांत ‘श्लोमो हालेवी’ हे कवीचे नाव गुंफले आहे. शेवटच्या कडव्याला मंडळी दाराकडे वळते. पट्टी उंच धरली तर तिथवर पोहोचेपर्यंत निम्मे आवाज गळालेले असतात, म्हणून सुरुवात खालच्या स्वरात करावी.

उपासनेअखेर बहुधा ‘अदोन ओलाम’ हे स्तोत्र येते. त्याच्या ओळीची मोडणी लगागागा चार वेळा, म्हणजे मराठी गझलेतल्या वियद्गंगा वृत्तासारखी. इतक्या नेटक्या छंदामुळे त्याला शेकडो चाली बसतात. चालीसाठी शब्द दोनदा म्हणणे मात्र कडक हज्जान टाळतात. देव एकच असल्याची ग्वाही देणाऱ्या ‘शेमा’च्या पहिल्या ओळीत तर ते निषिद्धच आहे: एका देवाऐवजी दोघांना हाक मारल्यासारखे होते, म्हणून असे म्हणणाऱ्याला गप्प करावे असे तल्मूद सांगते.